शंका घेऊन देवापाशीं

विश्वास म्हणजे शंकेचा अभाव, अशी एक समजूत आमच्या घराघरांत व वर्गावर्गांत रूढ झालेली दिसते. ज्याच्या मनांत प्रश्न उठत नाहीं तो मोठा विश्वासू. ज्याच्या मनांत उठतो तो देवापासून दूर गेलेला. आणि जो तो प्रश्न मोठ्यानें बोलून दाखवितो तो तर बिघडलाच, असें आम्ही सहज मानितों. या समजुतीचा परिणाम मोठ्या माणसांपेक्षां मुलांवर अधिक होतो. मूल प्रश्न विचारण्याचें सोडतें; पण प्रश्न त्यास सोडीत नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं तें डोळे मिटतें, हात जोडतें, सर्वांबरोबर मुखानें म्हणतें, आणि आंतून एकटें असतें.

पवित्र शास्त्र उघडून पाहिलें असतां मात्र वेगळेंच चित्र दिसतें. देवाच्या अत्यंत जवळ गेलेलीं म्हणून जीं माणसें तेथें वर्णिलीं आहेत, त्यांतील पुष्कळांनीं देवाला प्रश्न विचारले आहेत, कित्येकांनीं गाऱ्हाणें केलें आहे, आणि कोणी कोणी तर मरणही मागितलें आहे. मग त्यांच्यांत व देवाला सोडून गेलेल्यांत फरक तो कोणता? आमच्या मतें फरक हाच कीं, त्यांनीं आपली शंका देवापासून दूर न नेतां देवाकडेच नेली. हा एकच विचार या लेखांत कांहीं उताऱ्यांच्या आधारानें मांडावयाचा आहे. विद्यार्थ्यांनीं शक्य तर शास्त्राचें पुस्तक शेजारीं उघडून ठेवावें. आमच्या वाचकांत ज्यांचा धर्म निराळा आहे अशीं कुटुंबेंही आहेत. त्यांनींही हा लेख परका मानूं नये, कारण दुःखांत पडलेल्या माणसाचा प्रश्न सर्वत्र सारखाच असतो.

१. अब्रामाचे दोन प्रश्न

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायांत, सहाव्या वचनांत, अब्रामानें परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि देवानें तो त्याच्या बाजूस नीतिमत्त्व म्हणून गणिला, असें सांगितलें आहे. हाच अब्राम पुढें आब्राहाम या नांवानें सर्व विश्वासणाऱ्यांचा पिता म्हटला गेला. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांतील विवेचन ह्याच वचनावर उभारिलें आहे. इतकें महत्त्वाचें हें वचन कोणत्या जागीं आलें आहे, तें मात्र आम्ही सहसा पाहत नाहीं.

त्याच्या आधीं, दुसऱ्या व तिसऱ्या वचनांत, अब्राम देवाला विचारतो कीं, मला तर मूल नाहीं, माझ्या घरचा चाकरच माझा वारस होणार. मग तूं मला देणार तें काय? आणि त्याच्या पाठोपाठ, आठव्या वचनांत, तो पुन्हा विचारतो कीं, हा देश मला वतन मिळेल हें मीं कशावरून समजावें? म्हणजे विश्वासाचें तें थोर वचन दोन प्रश्नांच्या मध्यें बसलेलें आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल देव त्यास रागें भरला नाहीं. त्यास बाहेर नेऊन त्यानें आकाशांतील तारे दाखविले. दुसऱ्या प्रश्नाबद्दलही तो रागें भरला नाहीं; त्यानें त्याच्याशीं करार केला.

येथें शब्दाचा थोडा विचार करूं. हिब्रू भाषेंत विश्वासाच्या शब्दाचें मूळ 'आमन' असें आहे. पक्कें असणें, आधार देणें, भरंवसा टाकणें असा त्याचा भाव आहे. प्रार्थनेच्या शेवटीं आम्ही जो 'आमेन' शब्द उच्चारितों, तोही याच मुळापासून निघाला आहे. आजारांतून नुकताच उठलेला मनुष्य भिंतीचा आधार घेऊन चालतो. त्याचे पाय लटपटतात म्हणूनच तो भिंतीस टेकतो, आणि भिंत पक्की आहे म्हणून पडत नाहीं. कोणी त्याच्या लटपटणाऱ्या पायांकडे बोट दाखवून, "याचा भिंतीवर विश्वास नाहीं," असें म्हणेल काय?

२. आसाफाचें पाऊल

कराराच्या कोशापुढें स्तुति करण्यासाठीं दावीद राजानें जे लेवी नेमिले, त्यांचा मुख्य आसाफ होता. तो झांजा वाजवीत असे, असें पहिल्या इतिहासाच्या १६ व्या अध्यायांत लिहिलें आहे. त्याच्या नांवावर एकंदर १२ स्तोत्रें आहेत: ५० वें, आणि ७३ पासून ८३ पर्यंतचीं. त्याचें घराणें पुढें कित्येक शतकें याच सेवेंत राहिलें. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्यांची जी यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे, तींत आसाफाच्या वंशांतील १२८ गायकांची नोंद सांपडते. देवाची स्तुति गाणें हेंच ज्याचें नित्याचें काम, त्याच्या नांवाचें ७३ वें स्तोत्र शंकेनें भरलेलें आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

स्तोत्राच्या पहिल्या वचनांत, देव शुद्ध मनाच्या लोकांशीं चांगला आहे, हा सिद्धांत सांगितला आहे. आसाफानें तो लहानपणापासून ऐकिला असेल व मोठेपणीं इतरांस शिकविलाही असेल. परंतु दुसऱ्याच वचनांत तो म्हणतो कीं, माझें पाऊल घसरण्याच्या बेतांत आलें होतें. कारण काय? दुर्जनांची भरभराट त्यास पाहवेना. ते धडधाकट, ते गर्विष्ठ, त्यांस कसलीच ददात नाहीं. आणि आपण मात्र हात निर्मळ ठेविले ते फुकट, असें त्यास वाटूं लागलें. हें वाटणें जुन्या काळापुरतें नाहीं. तागडींत काटा मारणाऱ्या दुकानदाराची माडी चढावी आणि चोख माप देणाऱ्याचें दुकान बंद पडावें. दुसऱ्याच्या पाटीवर पाहून लिहिणाऱ्यास अधिक गुण मिळावे आणि रात्र रात्र जागून अभ्यास करणारा मागें पडावा. असें घडलेलें कोणीं पाहिलें नाहीं? तें पाहून ज्याच्या मनांत कांहींच आलें नाहीं, त्याचा विश्वास मोठा असें म्हणण्यापेक्षां त्याचे डोळे मिटलेले होते असें म्हणणें अधिक बरें.

आतां आसाफानें आपल्या शंकेचें काय केलें तें पाहा. पंधराव्या वचनांत तो सांगतो कीं, हे विचार मीं असेच बोलत सुटलों असतों, तर देवाच्या लेकरांच्या पिढीचा घात केला असता. म्हणजे त्यानें शंका चव्हाट्यावर मिरविली नाहीं. तसेंच ती मनांत दाबूनही ठेविली नाहीं. विचार करकरून तो थकला, तेव्हां सतराव्या वचनांत तो ती घेऊन पवित्रस्थानांत गेला. शंका मिरविणें निराळें आणि शंका देवापुढें ठेवणें निराळें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा भेद नीट ओळखावा. चारचौघांत हुशारी दाखविण्यासाठीं विचारलेल्या प्रश्नास उत्तर नकोच असतें. आसाफास उत्तर हवें होतें.

पवित्रस्थानांतून तो बाहेर आला तेव्हां दुर्जन गरीब झाले नव्हते, व तो श्रीमंत झाला नव्हता. बदल कशांत झाला तें या स्तोत्राच्या शब्दांवरूनच दिसतें. 'पण मी' या अर्थाचा एक हिब्रू शब्द येथें चार वेळां आला आहे. दुसऱ्या वचनांत: पण मी, माझा पाय घसरूं लागला. बाविसाव्या वचनांत: पण मी, मूढ, पशूसारखा होतों. तेविसाव्या वचनांत: तरी पण मी निरंतर तुझ्याजवळ आहें. आणि अठ्ठाविसाव्या, म्हणजे शेवटच्या वचनांत: पण मला, देवाजवळ असणें हेंच चांगलें. बाविसावें व तेविसावें हीं वचनें एकमेकांस लागून आहेत. आपला मूढपणा कबूल करणारा आणि आपण देवाजवळ आहों असें म्हणणारा मनुष्य एकच आहे. आणि तो जवळ कां आहे, याचें कारणही तो तेथेंच देतो. देवानें त्याचा उजवा हात धरिला आहे. लहान मूल बापाचें बोट धरून जत्रेंत चालतें, तेव्हां मुलाची मूठ सुटली तरी बापाची सुटत नाहीं. तसाच हा प्रकार.

आणखी एक शब्द पाहावा. 'चांगलें' या अर्थाचा हिब्रू शब्द पहिल्या वचनांतही आहे व शेवटच्या वचनांतही आहे. देव चांगला आहे असें आरंभीं म्हणतांना आसाफाच्या मनांत सुख, आरोग्य व भरभराट यांचा हिशेब होता, म्हणूनच तो हिशेब जुळेना तेव्हां तो घसरला. शेवटीं तोच शब्द उच्चारितांना त्याच्या मनांत देवाच्या जवळिकीवांचून दुसरें कांहीं उरलें नाहीं. शब्द तोच राहिला; अर्थ पवित्रस्थानांत जाऊन आला.

३. एलीयास मिळालेली भाकर

पहिल्या राजांच्या १८ व्या अध्यायांत कर्मेल डोंगरावर एलीयाच्या प्रार्थनेनें स्वर्गांतून अग्नि उतरला, ही गोष्ट मुलांस पाठ असते. परंतु लागलाच १९ वा अध्याय येतो, व त्यांत तोच एलीया ईजबेल राणीच्या धमकीनें जीव घेऊन पळत आहे. बैर-शेबा येथें चाकरास ठेवून तो एकटाच रानांत एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखालीं बसला, आणि आतां पुरे, माझा प्राण घे, असें देवास म्हणाला.

देवानें त्यास काय दिलें? प्रथम झोंप दिली. मग दूताच्या हातीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा लोटा दिला. तो जेवून पुन्हा निजला, तेव्हां त्यास पुन्हा उठवून खाऊं घातलें, कारण वाट लांबची होती. उपदेशाचा एक शब्दही अद्याप बोलला गेला नव्हता. थकलेल्या, उपाशी मनुष्यास देवाचें सान्निध्य कधीं कधीं भाकरीच्या रूपानें मिळतें, हें आमच्या घरांतील माउल्यांस शिकविण्याची गरज नाहीं.

चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून एलीया होरेब डोंगरावरील गुहेंत आला. तेथें वारा सुटला, भूमिकंप झाला, अग्नि आला. त्यांत परमेश्वर नव्हता. नंतर एक शांत, मंद वाणी ऐकूं आली. परंतु पुढील गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांतून सुटते. त्या वाणीच्या आधीं देवानें एलीयास विचारलें होतें कीं, तूं येथें काय करितोस? तेव्हां एलीयानें आपलें सर्व गाऱ्हाणें सांगितलें होतें. वाणी ऐकल्यावर देवानें तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि एलीयानेंही तेंच गाऱ्हाणें, त्याच शब्दांनीं, पुन्हा सांगितलें. देवाच्या इतक्या जवळ येऊनही त्याचें दुःख एका क्षणांत मावळलें नाहीं. आणि तरीही देवानें त्यास टाकिलें नाहीं. त्यास काम दिलें, सोबतीस अलीशा दिला, आणि बआलापुढें गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलांत शिल्लक आहेत हें कळविलें. मी एकटाच उरलों, असें म्हणणाऱ्यास हें उत्तर पुरेसें होतें.

४. गर्दी आणि स्पर्श

आतां नव्या कराराकडे वळूं. मार्काच्या पांचव्या अध्यायांत दोन गोष्टी एकींत एक गुंफल्या आहेत. याईर नांवाचा सभास्थानाचा अधिकारी आपल्या मरणोन्मुख मुलीसाठीं येशूच्या पायां पडतो. ती मुलगी बारा वर्षांची आहे. वाटेंत जी स्त्री येशूच्या वस्त्रास शिवते, ती बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली आहे. म्हणजे इकडे एका घरांत मूल जन्मलें, त्याच सुमारास तिकडे या बाईचें दुखणें सुरू झालें. वैद्यांच्या पायीं तिनें सर्व पैसा घालविला होता व गुण कांहींच आला नव्हता. लेवीयाच्या १५ व्या अध्यायांतील नियमाप्रमाणें ती अशुद्ध मानिली जाई, व जो तिला शिवे तोही विटाळे. म्हणून ती पुढें न येतां, गर्दींतून मागून येऊन, केवळ वस्त्रास शिवली.

येशूनें विचारलें कीं, मला कोण शिवलें? शिष्यांस हा प्रश्न विचित्र वाटला, कारण चोहोंकडून लोक त्याला चेंगरीत होते. परंतु चेंगरणें आणि शिवणें यांत अंतर आहे. प्रार्थनामंदिरांत पहिल्या बांकावर बसणारा मनुष्य गर्दींतला असूं शकतो, आणि दाराशीं संकोचानें उभी राहणारी एखादी बाई त्यास शिवलेली असूं शकते. ही स्त्री भीत भीत, कांपत कांपत पुढें आली आणि तिनें त्यास सर्व खरें सांगितलें. 'सर्व खरें' हे दोन शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. तोंवर तिला फक्त बरें व्हावयाचें होतें व गुपचूप निघून जावयाचें होतें. येशूनें तिला तसें जाऊं दिलें नाहीं. तिचें सर्व ऐकून घेतलें, आणि चारचौघांदेखत तिला मुलगी म्हणून हांक मारिली.

या वेळीं याईर कोठें होता? तो शेजारींच उभा होता, आणि त्याच्या घरीं घटका भरत आली होती. तेवढ्यांत निरोप आला कीं, मुलगी मेली, आतां गुरूला श्रम कशाला देतां? येशूनें त्यास भिऊं नये, विश्वास मात्र धरावा, असें सांगितलें. घर येईपर्यंत याईराला याहून अधिक कांहीं मिळालें नाहीं. उत्तर मिळालें नव्हतें, मुलगी मेल्याची बातमी मात्र मिळाली होती. आणि येशू त्याच्या बाजूनें चालत होता.

हा धडा एके वर्षीं वर्गांत चालला असतां, मुलगी उठून चालूं लागली या वचनाशीं आम्ही आलों, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, आम्हींही प्रार्थना केली होती. मग आमची ताई कां नाहीं उठली?" वर्गांत एकदम सामसूम झाली. मागच्या बांकावरून कोणी तरी हळूच "गप्प बस" असें म्हणालें. आम्ही पुस्तक मिटलें, त्याच्याजवळ जाऊन बसलों, आणि त्याच्या ताईविषयीं त्यास विचारलें. तास संपेपर्यंत तो तिच्याच आठवणी सांगत होता, आणि सर्व वर्ग ऐकत होता. तिला चिंचा फार आवडत, आणि ती त्याच्या सदऱ्यास गुंड्या लावून देई, असें त्यानें सांगितलें.

त्याच्या प्रश्नास तयार उत्तर पवित्र शास्त्रांत नाहीं, आणि जो कोणी तें आपल्याजवळ आहे म्हणून सांगेल, त्याच्यापासून मुलांनीं सावध असावें. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून माणूस गेलें, असें दुःखितास सांगणें हें तर निव्वळ क्रूरपणाचें आहे, आणि शास्त्राच्या उघड विरुद्ध आहे. पौलानें आपल्या शरीरांतील कांटा दूर व्हावा म्हणून तीनदां विनंती केली. तो दूर झाला नाहीं, हें त्यानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत स्वतःच सांगितलें आहे. गेथशेमाने बागेंत खुद्द प्रभूनें, हा प्याला टळावा, अशी प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाहीं. पौलाचा विश्वास कमी होता काय? प्रभु पित्यापासून दूर होता काय? याइराची मुलगी उठली ही देवाच्या राज्याची खूण होय. प्रत्येक घराशीं केलेला सौदा नव्हे.

यासाठींच स्तोत्रांच्या पुस्तकांत ८८ वें स्तोत्र आहे. दुःखाचीं इतर बहुतेक स्तोत्रें शेवटीं आशेकडे वळतात. हें मात्र अंधारांतच संपतें. ज्यांनीं हीं स्तोत्रें जपून ठेविलीं त्यांनीं तें गाळलें नाहीं, व त्याच्या शेवटीं एखादी गोड ओळही जोडली नाहीं. कारण अंधारांतून का होईना, तें आरंभापासून शेवटपर्यंत देवाशींच बोललेलें आहे. प्रार्थना होण्यास तेवढें पुरे.

५. अर्ध्या विश्वासाची प्रार्थना

मार्काच्याच नवव्या अध्यायांत आणखी एक बाप भेटतो. त्याचा मुलगा लहानपणापासून झटक्यांनीं पीडलेला. कधीं विस्तवांत पडे, कधीं पाण्यांत. शिष्यांकडे आणला, त्यांच्यानें कांहीं झालें नाहीं. भोंवतालीं शास्त्री वाद घालीत होते. अशा वेळीं येशू डोंगरावरून खालीं आला, तेव्हां त्या बापानें, तुझ्यानें कांहीं होत असेल तर आम्हांवर दया कर, अशी विनंती केली. त्या 'असेल तर' ह्या शब्दांत वर्षानुवर्षांची निराशा भरलेली आहे. येशूनें तोच शब्द उचलून, विश्वास धरणाऱ्यास सर्व शक्य आहे असें म्हटलें, तेव्हां तो बाप ओरडून म्हणाला कीं, मी विश्वास धरितों, आणि माझ्या अविश्वासांत मला साहाय्य कर.

हीं दोन्ही वाक्यें एकाच श्वासांत आलीं आहेत. त्याच्याऐवजीं आमच्यापैकीं एखादा असता, तर दुसरें वाक्य त्यानें गिळलें असतें. येशूला बरें वाटावें म्हणून केवळ पहिलेंच उच्चारिलें असतें. या बापानें आपला विश्वास जितका होता तितका पुढें केला, आणि जो नव्हता तोही पुढें केला. आधीं अविश्वास काढून टाक, मग ये, असें येशू त्यास म्हणाला नाहीं. त्याचा मुलगा बरा झाला तो त्याच दिवशीं, त्याच अर्ध्या विश्वासावर. उलट, शिष्यांस मात्र नंतर घरांत एकांतीं शिकवण मिळाली कीं, असलें काम प्रार्थनेवांचून होत नसतें. ज्यांस आपला विश्वास पुरेसा आहे असें वाटत होतें, त्यांच्यानें झालें नाहीं. ज्यास तो पुरत नाहीं हें ठाऊक होतें, त्यानें मागितलें आणि त्यास मिळालें.

६. आमच्या भाषेंतील एक साक्ष

हे सर्व दूरच्या देशांतील व दूरच्या काळांतील लोक झाले, असें कोणास वाटेल. म्हणून आमच्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण देतों. पंडिता रमाबाई यांनीं सन १८८३ सालीं इंग्लंडमध्यें वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रश्न थांबले नाहींत. त्यांच्या धर्मशिक्षकांशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, आणि त्यांत त्या मोठमोठ्या धर्मसिद्धांतांविषयीं अगदीं निर्भीडपणें वाद करितात. पटल्याखेरीज होकार देत नाहींत. पुढें सन १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनीं सांगितलें कीं, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही खुद्द ख्रिस्ताची ओळख आपणांस पटण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

त्यांच्या जीवनांत दुःखास तोटा नव्हता. आईबाप व बहीण दुष्काळांत गेलीं. सन १८८० सालीं भाऊ गेला. सन १८८२ सालीं पति गेले. आणि म्हातारपणीं, सन १९२१ सालीं, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या वेळीं त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याच्या कामांत गढलेल्या होत्या. सन १९२२ च्या एप्रिलांत त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण भाषांतर केडगांव येथील मुक्ति मिशनच्या छापखान्यांत छापून सन १९२४ सालीं बाहेर पडलें. आसाफाचें ७३ वें स्तोत्र व अंधारांत संपणारें ८८ वें स्तोत्र, हीं दोन्ही त्या कामांत त्यांच्या लेखणीखालून गेलीं. प्रश्न विचारणारी ती तरुणी आणि अनेक दुःखें सोसून शास्त्र भाषांतरणारी ती वृद्धा एकच होती, हें आम्हीं विसरूं नये.

७. आईबापांस दोन शब्द

शेवटीं पालकांस कांहीं सांगावेंसें वाटतें. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची वार्ता ऐकून आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कोणी एक शब्दही बोललें नाहीं. त्यांच्या भेटींतील उत्तम भाग तोच होता. नंतर त्यांनीं बोलण्यास आरंभ केला, देवाची बाजू घेऊन ईयोबास पापी ठरविलें, आणि शेवटीं ४२ व्या अध्यायांत देवानें निवाडा दिला तो असा कीं, माझा सेवक ईयोब माझ्याविषयीं जसें यथार्थ बोलला तसें तुम्ही बोललां नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूनें निकाल झाला, आणि देवाचे वकील म्हणून आलेले दोषी ठरले. तुमचें मूल, देव असें कां करितो, असें विचारील, तेव्हां त्यास गप्प करण्यापूर्वीं हा निवाडा आठवावा.

मग मुलासाठीं काय करावें? 'आमन' या मुळापासून निघालेला एक शब्द निर्गमाच्या १७ व्या अध्यायांत मोशेच्या हातांविषयीं वापरला आहे. अमालेकाशीं लढाई चालली असतां मोशेचे हात वर राहिले पाहिजे होते. पण ते जड झाले. तेव्हां त्याच्याखालीं दगड ठेवून त्यास बसविलें, आणि एका बाजूस अहरोन व दुसऱ्या बाजूस हूर यांनीं त्याचे हात उचलून धरिले. अशा रीतीनें सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. मोशे दुबळा आहे, असें कोणी म्हणालें नाहीं. त्याचे हात थकले होते, म्हणून दुसऱ्यांनीं ते धरिले. मुलाचा विश्वास थकेल तेव्हां आईबापांनीं, व शाळेंत आम्हां शिक्षकांनीं, त्याच्याजवळ बसावें, त्याचें सर्व ऐकावें, आणि त्यास प्रार्थना करवत नसेल तर तेवढे दिवस त्याच्यासाठीं आपण करावी.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत उत्पत्तीचा १५ वा अध्याय, ७३ वें स्तोत्र, पहिल्या राजांचा १९ वा अध्याय आणि मार्काचा पांचवा व नववा अध्याय याच क्रमानें वाचा. वाचतांना प्रत्येक ठिकाणीं दोनच गोष्टी शोधा: या माणसाचा प्रश्न कोणता होता, आणि तो त्यानें कोणास सांगितला? मग आपल्या वहींत आपला स्वतःचा एक प्रश्न लिहा. तो शिक्षकांस दाखविण्याची गरज नाहीं. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं तो देवाला वाचून दाखवा, आणि शेवटीं 'आमेन' म्हणा. त्या शब्दाचा अर्थ आतां तुम्हांस ठाऊक आहे.